सांध्यावरच्या पट्टीचं कूळ

पाऊस सरून दिवाळी जवळ आली की बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये रंगाऱ्यांच्या घोड्या उभ्या राहू लागतात. जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर पत्रा फिरवताना कधीकधी कागदाची लांबलचक पट्टी रंगासकट हातात येते. घरमालक रंगाच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. रंगाचा यात काही गुन्हा नसतो. दोन बोर्डांच्या सांध्यावरची टेप सुटलेली असते, आणि त्या टेपचं कूळ बरंच जुनं आहे.

गिलावा मातीचा असो, चुन्याचा की जिप्समचा, तो दाब सोसतो. ओढ बसली की तडकतो. म्हणून त्यात तंतू घालायचे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचं राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. बातमी वाचून अनेकांना गंमत वाटली, पण त्या कारागिरांना नशा नव्हे, गिलाव्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. पुढे १८५६ साली लेओनार देसाशी या फ्रेंच माणसाने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं: प्लास्टरमध्ये कापड घालून हलके, पातळ नक्षीकाम ओतायचं. मुंबईचे पीओपीवाले कापडाच्या जागी काथ्या घालतात, एवढाच फरक.

जिप्सम बोर्डाने हा तंतू कागदाच्या रूपाने बाहेर आणला. ऑगस्टीन सॅकेटने १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये कागद आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांच्या थरांचा बोर्ड पेटंट केला, तोही आधी गिलाव्याखालचा आधार म्हणून. १९१७ पासून अमेरिकेत ‘शीटरॉक’ विकला जाऊ लागला आणि गिलावाच गळाला. पण बोर्डाला बोर्ड भिडला की मधे सांधा आला. बोर्ड ज्यावर ठोकलेला तो लाकडी सांगाडा हलला की सांधा उघडा. त्यावर कागदी पट्टी आली. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, त्या खोलगट जागेत पट्टी बसते आणि वरून भरलेलं जॉइंट कंपाउंड सपाट दिसतं.

अमेरिकेत हा बोर्ड भिंत झाला. मुंबईच्या उपनगरांत तो मुख्यतः छतालाच राहिला, कारण भिंत विटांची किंवा ब्लॉकची, आणि तिच्यावर देव्हारा, गीझर, टीव्ही टांगायचे असतात. भिंतीसाठी वेगळा प्रयोग चेंबूरला झाला. तिथे आरसीएफ या खतकंपनीने खतनिर्मितीत उरणाऱ्या फॉस्फोजिप्समपासून ‘रॅपिडवॉल’ बनवली. त्यात काचेचे तंतू पोटातच असतात.

छताची टेप सुटते ती बहुधा घाईने. कंपाउंडचा थर कमी पडला, खाली हवा राहिली, की पट्टी कोरडीच चिकटते. बोर्ड कापून लावला असेल तर कापलेल्या कडेला खोलगट जागा नसते. तिथे टेप फुगवट्यासारखी दिसते, मग बिगारी ती पॉलिश पेपरने घासतो आणि कागदच फाडतो. सुटलेली पट्टी दाबून वर लांबीचा हात मारणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. पट्टी जिथवर घट्ट आहे तिथवर कापून काढायची, खालचं सैल खरवडायचं, ताज्या कंपाउंडमध्ये नवी पट्टी पत्र्याने दाबून हवा बाहेर काढायची. ते वाळल्यावर आणखी दोन हात, प्रत्येक आधीपेक्षा रुंद. मग हलका पॉलिश पेपर आणि प्रायमर. दिवा छताला तिरका धरला की फुगवटा राहिला असेल तर लगेच दिसतो.

पट्टी ओलीमुळे सुटली असेल, तर हे सगळं करण्याआधी गळती थांबायला हवी, आणि उपनगरात गळती म्हणजे बहुतेकदा वरच्या घराची न्हाणी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-सिंकची आतली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. वरचं बिऱ्हाड मात्र म्हणतं, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.