शंकरपट, जुनी मोटार आणि मोबाईलची काच

भंडारा जिल्ह्यात धान कापून, मळून घरात आले की पटाचे दिवस सुरू होतात. पट म्हणजे शंकरपट. दोन बैल, एक हलकी छकडी, तिच्यावर धुरकरी आणि समोर सरळ, मोकळी वाट. या वाटेला वळण नसते. काही पटांत दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, तर काहींत एकच जोडी घड्याळाशी झुंजते. निकाल मात्र दोन्हीकडे काही सेकंदांतच लागतो. लाखनी तालुक्यातल्या पिंपळगाव (सडक) या गावचा पट पूर्व विदर्भात नावाजलेला आहे. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक अशी या भागातली जुनी जोडगोळी. पुण्याकडचा बैलगाड्याचा घाट आणि आमच्याकडचा पट यांत साम्य असले, तरी दोन्ही एकच समजू नयेत.

या पटाविषयी लिहायला बसलो ते एका मोबाईलवरच्या खेळामुळे. त्याचे नाव 'सीएसआर क्लासिक्स'. ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या नॅचरलमोशन या कंपनीने तो २०१३ मध्ये बाजारात आणला. त्याआधीच्या वर्षी त्यांचा 'सीएसआर रेसिंग' हा खेळ आला होता आणि तो इतका चालला की जानेवारी २०१४ मध्ये झिंगा या अमेरिकन कंपनीने सुमारे ५२ कोटी ७० लाख डॉलर मोजून नॅचरलमोशन विकत घेतली. पहिल्या खेळात नव्या, चकचकीत मोटारी होत्या. 'क्लासिक्स'मध्ये जुन्या आल्या. फोर्ड मस्टँगसारखी गाडी खेळाडूला गंजलेल्या, पोचे आलेल्या अवस्थेत मिळते. शर्यती जिंकून पैसे जमवायचे, पत्रा सरळ करायचा, रंग द्यायचा, इंजिन सुधारायचे आणि पुन्हा शर्यतीत उतरायचे. शर्यत दोघांची, वाट सरळ, अंतर पाव मैल किंवा अर्धा मैल. सुकाणू फिरवायचेच नाही. काटा योग्य जागी असताना गाडी सोडायची आणि नेमक्या क्षणी गिअर बदलायचा, एवढेच बोटाचे काम.

दोन भिडू, सरळ वाट, सेकंदांचा हिशेब आणि सुटण्याच्या क्षणाचे महत्त्व पाहिले की हा पटच आहे, फक्त बैल नाहीत, हे पट पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. ही तुलना करमणुकीसाठी केलेली नाही. एकीकडे बैलांचा पट कोर्टात अडकला आणि त्याच वर्षांत मोटारींचा पट पोरांच्या खिशात आला. या दोन घटना एकमेकींच्या कारण नाहीत, पण त्यांना शेजारी ठेवल्याशिवाय आमच्या भागाचा गेल्या दशकाचा इतिहास पुरा होत नाही.

आधी मोटारींच्या पटाचे मूळ पाहू. इंग्रजीत त्याला ड्रॅग रेस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरे स्वस्तातल्या जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांचे अनावश्यक पत्रे काढून टाकत, इंजिनावर हात चालवत आणि कोरड्या तलावांच्या सपाट तळावर नाहीतर सरळ रस्त्यावरच एकमेकांना आव्हान देत. रस्त्यावर माणसे मरू लागली तेव्हा बंदीची भाषा सुरू झाली. वॉली पार्क्स नावाच्या संपादकाने १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, ती या उद्योगाला रस्त्यावरून उचलून नियमांत बसवण्यासाठी. विमानतळाच्या धावपट्ट्या मिळवल्या, गाडी तपासल्याशिवाय सोडायची नाही असे ठरवले, पोलिसांना सोबत घेतले. १९५३ मध्ये पोमोना येथे त्यांची पहिली अधिकृत शर्यत झाली. अंतर ठरले पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. गंमत अशी की अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधीपासून पाव मैल धावणाऱ्या घोड्यांची एक जात प्रसिद्ध होती आणि तिचे नावच क्वार्टर हॉर्स. जनावर आधी धावले, मोटार नंतर. इंजिनाचे बळसुद्धा आपण अजून घोड्यांतच मोजतो. हे माप जेम्स वॉटऐवजी एखाद्या धानउत्पादकाने ठरवले असते, तर आज आपण बैलशक्ती म्हणालो असतो.

आता गिअरकडे येऊ, कारण या खेळाचा जीव तिथे आहे आणि गिअरचा भंडाऱ्याशी अगदी जवळचा संबंध आहे. इंजिन एका ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच पूर्ण जोर देते. गिअर लवकर टाकला तर फेऱ्या त्या पट्ट्याच्या खाली पडतात आणि गाडी दमते. उशिरा टाकला तर इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे जात नाही. खेळातला दिवा हे सांगतो, पण जुन्या ड्रायव्हरला ते कानाने कळत असे. जुन्या ट्रकांत तर आणखी एक अडचण होती. आत फिरणाऱ्या दोन चाकांचा वेग जुळल्याशिवाय गिअर पडतच नसे, दातांवर दात घासून किरकिर होई. म्हणून क्लच दोनदा दाबायचा, मध्ये गाडी न्यूट्रलला आणायची, गरज पडली तर रेस द्यायची. याला आपल्याकडचे मिस्त्री आणि ड्रायव्हर 'डबल क्लच' म्हणतात. पुढे सिंक्रोमेश गिअरबॉक्स आले. त्यांत एक लहानशी कडी दोन्ही चाकांचा वेग आधी जुळवून देते आणि मगच दात बसतात. ही कडी पुष्कळदा पितळेची असते. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याने याची नोंद घ्यायला हरकत नाही. अशोक लेलँडचा गिअरबॉक्स बनवणारा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला तो आमच्याच जिल्ह्यात, राष्ट्रीय महामार्गावरच्या गडेगावला. पिंपळगावचा पट आणि गडेगावचा कारखाना एकाच लाखनी तालुक्यात आहेत.

पटातही हेच घडते. दोन बैलांचा पाय एकत्र उचलला गेला पाहिजे. एकाने आधी उसळी घेतली की जू तिरपे होते आणि छकडी ओढली जाण्याऐवजी फिरू पाहते. दोन जिवांचा वेग जुळवणारी ती पितळी कडी म्हणजे धुरकरी. त्याचे शिक्षण कोणत्याही शाळेत होत नाही. वासरू निवडण्यापासून त्याला खाऊ काय घालायचे, सराव किती द्यायचा, कोणता बैल डाव्या बाजूला जुंपायचा, हे सारे ऐकून, पाहून आणि हाताने करूनच येते.

या हाताच्या ज्ञानावर कोर्टाची पाळी आली ती अशी. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढून, ज्या जनावरांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदी घातली. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी लागू झाली. तिचा फटका म्हाताऱ्या बैलाच्या मालकाला बसला, तसाच गुरांच्या बाजारावर पोट असणाऱ्या आमच्या समाजातल्या कुटुंबांनाही बसला. बैल धावेना, विकला जाईना आणि नांगरावर तर ट्रॅक्टर आधीच आला होता. २०१७ मध्ये राज्याने शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला, पण उच्च न्यायालयाने त्याला अडवले. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यती खुल्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

पट सुरू झाला याचा आनंद आम्हाला आहे, पण बंदी मागणाऱ्यांना शहरी शहाणे म्हणून उडवून लावणे आम्हाला पटत नाही. शेपूट पिरगाळणे, अणकुचीदार आर टोचणे हे प्रकार पटांत होत होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पार्क्सच्या पोरांनी स्वतःहून जीव धोक्यात घातला होता. बैलाला कुणी विचारले नव्हते. कॅलिफोर्नियाचा दाखला देऊन 'नियम करा आणि धावू द्या' म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. नियम कागदावर आहेत; वाटेवर ते दिसतात की नाही, हे पाहण्याचे काम पट भरवणाऱ्या मंडळींचेच आहे. त्यात ढिलाई झाली तर पुन्हा बंदी येईल आणि त्या वेळी दोष कोर्टाचा नसेल.

बंदीच्या त्या सात-साडेसात वर्षांत काय घडले? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि स्वस्त इंटरनेट खेड्यापर्यंत पोहोचले. जे पोरगे एरवी बापाच्या मागे पटावर गेले असते, त्याच्या हाती मोटारींचे खेळ आले. यात खेळाचा गुन्हा नाही. आम्हाला तर जुन्या मोटारींचा हा खेळ अनेक बाबतींत चांगला वाटतो. मोडके टाकून न देता दुरुस्त करावे, हे तो शिकवतो. खटकते ते दुसरेच. या खेळात गंजलेली गाडी बटण दाबले की सुधारते. पत्रा कुणी ठोकला, इंजिन कुणी उघडले, हे कुठेही दिसत नाही. खेळात गाडीला नाव आहे, वर्ष आहे, कंपनी आहे. मिस्त्री नाही.

आणि मिस्त्री म्हटले की आमचा विषय आला. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांचे प्रमाण ज्या कामांत लक्षणीय दिसले, त्यांत मोटारदुरुस्तीही आहे. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गॅरेज लाइनीत जा, पाट्यांवरची नावे वाचा. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेली अॅम्बॅसॅडर, मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट म्हणजे पुढची पद्मिनी, महिंद्रची जीप, लेलँडचे ट्रक, या साऱ्यांना तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे रस्त्यावर ठेवले ते याच हातांनी. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर करून घेतला, गॅस्केट जाड कागदातून कापले, टप्पूचा आवाज ऐकून झडपेचे अंतर ओळखले. मोटारीचा इतिहास लिहिणारे कंपनीचा, मालकाचा आणि शर्यत जिंकणाऱ्याचा लिहितात. साठ वर्षांची अॅम्बॅसॅडर रॅलीत फिरते तेव्हा बातमीत फोटो मालकाचा येतो.

धुरकऱ्याचे दैवही याहून वेगळे नाही. पटावर ध्वनिक्षेपकावरून जोडीची ओळख मालकाच्या नावाने होते. बक्षीस मालकाला मिळते. धुरकऱ्याचे नाव घेतले जाते, पण ते पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात असते? आणि ज्याने बैलाला वर्षभर चारा घातला, रात्री उठून त्याचे पोट पाहिले, त्याचे नाव तर वाटेपर्यंत येतच नाही. बंदीच्या काळात यांतले कितीतरी लोक मजुरीला नागपूरकडे गेले, काही ट्रॅक्टरवर बसले. त्यांचे ज्ञान लिहून ठेवणारे कुणी नव्हते, कारण ते ज्ञान आहे असे कुणाला वाटलेच नाही.

आता पटावर सेकंदाचे शंभर भाग दाखवणारे घड्याळ लागते. पोरे मोबाईल उंच धरून जोडी सुटण्याचे चित्रण करतात आणि संध्याकाळपर्यंत ते गावोगाव पोहोचते. त्या चित्रणात छकडी, बैल आणि धूळ दिसते. त्याच पोरांनी मोबाईल थोडा बाजूला वळवून धुरकऱ्याला दोन प्रश्न विचारले आणि गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून डबल क्लच कसा मारायचा ते त्याच्याच बोलीत नोंदवून घेतले, तर ते काम पुढच्या पटाच्या आतच होण्यासारखे आहे. ज्यांना डबल क्लच हाताने येतो, असे मिस्त्री भंडारा, साकोली, तुमसर आणि पवनीच्या गॅरेजांत अजून बसलेले आहेत.