रविवारची सुट्टी आणि ग्राइंडरचा गार्ड

रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडेंमुळे मिळाली, हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. पण 1884 साली मुंबईतल्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं जे निवेदन त्यांनी दिलं, त्यात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. ती कोणी फॉरवर्ड करत नाही! नुकसानभरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. लोखंडे 1897 मध्येच प्लेगने गेले.

धोकादायक यंत्राला कुंपण हवं, हे 1881 च्या कायद्यातही होतं, पण 100 कामगार असतील तरच. विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्याने तो आकडा 10 केला, 2020 च्या संहितेने पुन्हा 20.

आता भोसरीतली एखादी फॅब्रिकेशनची शेड घ्या. चार-पाच जण, एक वेल्डिंग सेट, दोन ग्राइंडर. म्हणजे तिन्ही आकड्यांच्या बाहेर. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. चाक फुटलं तर तोंडाकडे येणारे तुकडे अडवतो तो गार्ड. आणि पहिला काढला जातो तोच, कारण कोपऱ्यातल्या वेल्डपर्यंत चाक पोचत नाही. काम संपलं की तो परत बसवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण बसवतं कोण?