साडेसातीपासून समुपदेशनापर्यंत

नोकरी गेली, धंदा बसला, घरात आजारपण शिरलं, की मराठी घरात आजही कुणीतरी म्हणतंच, "साडेसाती चालू असेल, एकदा शिंगणापूरला जाऊन ये." मानसोपचाराचं नावही माहीत नव्हतं, तेव्हापासून खचलेल्या माणसाला मिळणारा हा पहिला सल्ला.

नेवासे तालुक्यातलं हे गाव. उघड्या चौथऱ्यावर, छपराविना उभी असलेली पाच फुटांहून उंच काळी शिळा हाच इथला शनिदेव. ती पानसनाल्याच्या पुरात वाहून आली, काठी टोचताच तिच्यातून रक्त आलं, अशी कथा गावात सांगतात. घरांना दारं न लावण्याची प्रथाही इथलीच. २०११ साली यूको बँकेने इथे कुलपाविना शाखा काढली, तेव्हा देशभर बातमी झाली.

साडेसातीचं गणित मुळात आकाशातलं. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपली चंद्ररास, तिच्या अलीकडची आणि पलीकडची अशा तीन राशींची मिळून साडेसात. याचा अर्थ, कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींची माणसं साडेसातीत असतातच! तेवढ्या मोठ्या काळात कुणाच्या आयुष्यात काही बिनसत नाही?

तरीही या समजुतीने माणसांना आधार दिला, हे मान्य करायला हवं. संकटाला नाव मिळालं, मुदत मिळाली. शनिमाहात्म्याच्या पोथीतला विक्रमराजा चोरीच्या आळापायी हातपाय गमावतो, तेल्याच्या घाण्यावर बसतो आणि शेवटी सगळं परत मिळवतो. शनिवारी ही पोथी ऐकणाऱ्या कर्जबाजारी माणसाला एवढं तरी कळायचं, की राजावरही वेळ येते आणि ती सरते.

पण हा आधार सगळ्यांना सारखा नव्हता. बाईला त्या चौथऱ्यावर पाऊल ठेवता येत नसे. २००० साली नरेंद्र दाभोलकर, श्रीराम लागू, एन. डी. पाटील यांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांना खुला झाला. शिवाय वेळ सरेपर्यंत मनाचं काय करायचं, हे साडेसाती सांगत नाही.

ते सांगणारी एक वाट, विवेकनिष्ठ मानसोपचाराची, न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली. आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी आणली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. या पद्धतीचं म्हणणं असं, की घटना आणि यातना यांच्या मध्ये आपली धारणा बसलेली असते. पन्नाशीत कारखाना बंद पडलेला माणूस म्हणतो, "माझ्यावर ही वेळ यायलाच नको होती." समुपदेशक त्याचं दुःख खोडत नाही. तो त्या 'यायलाच'मधला हट्ट दाखवतो. नोकरी टिकावी अशी इच्छा रास्तच, पण ती टिकलीच पाहिजे असा जगाशी करार कुठे झाला होता? मग लहान लहान गृहपाठ येतात: अर्ज करणं, नकार ऐकणं, बायकोपाशी खरं बोलणं. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने हा विचार मराठीत घरोघरी नेला. नाडकर्णींच्या एका पुस्तकाचं 'विषादयोग' हे नाव गीतेच्या पहिल्या अध्यायाची आठवण देतं.

गीतेची सुरुवातही खचलेल्या अर्जुनापासूनच होते. तिच्यावरची ज्ञानेश्वरी शके १२१२मध्ये सांगितली गेली ती नेवाशात, म्हणजे शिंगणापूरच्याच तालुक्यात. खचलेल्या माणसाशी शांतपणे, शेवटपर्यंत बोलत राहण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही.

म्हणून शिंगणापूरला निघालेल्या आपल्या माणसाला अडवू नका, पण त्याला १४४१६ हा क्रमांकही द्या. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली ही 'टेली-मानस' सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.