परीखान्यातील हजेरीपट

लखनौच्या कैसरबागेत नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील एक इमारत आहे. तिचे नाव परीखाना. नवाबी अमदानीत तेथे निवडक मुलींना गायन आणि नर्तन शिकविले जाई. १८५६ साली इंग्रजांनी नवाबांना गादीवरून दूर केले, ते कलकत्त्यास गेले, आणि शहरातील गाणे उस्तादांच्या घरांत व तवायफांच्या कोठ्यांवर उरले. पुढे त्याच परीखान्यात एक संगीत महाविद्यालय नांदू लागले. तेथे प्रवेशासाठी कुळ विचारले जात नव्हते. विचारली जात होती ती फी, आणि रोजची हजेरी.

हे महाविद्यालय उभारणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे, वाळकेश्वरचे. पेशाने वकील. वकिली मागे टाकून त्यांनी देशभर हिंडून घराण्याघराण्यांतील चिजा गोळा केल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. १९२४ आणि १९२५ साली लखनौस संगीत परिषदा भरल्या. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला, आणि १९२६ साली ‘मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक’ सुरू झाले. नाव गव्हर्नरसाहेबांचे, पद्धती भातखंड्यांची. त्या काळी असा सौदा केल्यावाचून संस्था उभ्या राहत नसत. भातखंडे तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते.

या शाळेत शिकणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे कळण्यासाठी आधीची रीत ध्यानात घ्यावी लागते. शिष्याने गंडा बांधावा, गुरूच्या घरी राबावे, आणि गुरूची मर्जी असेल त्या दिवशी जे पदरात पडेल ते घ्यावे. ठेवणीतली चीज मुलाला किंवा जावयाला. मॅरिस कॉलेजात घंटा वाजली की वर्ग भरे. दहा थाट, रागांची लक्षणे, स्वरलिपीतील बंदिशी, आणि शेवटी परीक्षा. पाच वर्षांनी ‘विशारद’, त्यापुढे ‘निपुण’. शिक्षकांत लखनौ घराण्याचे तबलानवाज खलिफा आबिद हुसेन खाँ आणि सरोदिये सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे खानदानी उस्तादही होते. ज्यांची विद्या घराबाहेर पडणे दुर्मीळ, ते पगारी अध्यापक झाले, ही लहान घटना नव्हे.

आक्षेपकांचे म्हणणे असे की, वर्गात गवई तयार होत नाही. हा आक्षेप मत्सरातून आला असे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे. पण लखनौला वर्गाच्या पलीकडेही काही चालत होते. १९२८ च्या सुमारास प्राचार्यपद श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे आले. ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, भातखंड्यांचे शिष्य आणि बडोद्याच्या फैयाज खाँचे गंडाबंध शागीर्द. शाळा आणि घराणे ही दोन्ही त्यांच्या एका गळ्यात होती. विद्यार्थी त्यांना अण्णासाहेब म्हणत. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, लखनौस आले ते अण्णासाहेबांच्या घरीच राहिले. दिवसा कॉलेजचा विद्यार्थी, सकाळ-संध्याकाळ गुरुगृहीचा शिष्य. पुढे ते तेथेच अध्यापक झाले. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी हेही याच मुशीतले. कॉलेजने त्यांना शिस्त दिली, पाठांतर दिले, लिहून ठेवण्याची सवय दिली. गाणे मात्र घरातून आले.

मैफल गाजविणारे गवई या शाळेने मोजकेच दिले. आयुष्यभर नेकीने संगीताची चाकरी करणारी माणसे मात्र तिने पुष्कळ दिली. नगरकर मुंबईस भारतीय विद्या भवनातील संगीतशाळेचे पहिले प्राचार्य झाले. गिंडे तेथे शिकवून नंतर शीवच्या वल्लभ संगीतालयात गेले. शेकडो बंदिशी त्यांना मुखोद्गत होत्या. सुमती मुटाटकर यांनी लखनौचीच डॉक्टरेट मिळविली, आकाशवाणीत काम केले आणि दिल्ली विद्यापीठात संगीताचे अध्यापन केले. त्यांच्या आधीच्या पिढीत कुलीन घरातील मुलीने असे आयुष्य योजणे दुरापास्त होते. चित्रपटाकडे वळलेलेही निघाले. संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद हे याच शाळेचे.

२ एप्रिल १९३८ रोजी लखनौ आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि पदविकेला बाजारभाव आला. नेमलेल्या वेळेत राग मांडणे, स्वरलिपी वाचणे, वेळेवर हजर राहणे, हे सारे कॉलेजात अंगवळणी पडलेले होते. व्हायोलिनवादक वि. गो. जोग पुढे आकाशवाणीतच रमले. मग १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. कलावंतांची चाचणी घेणारे मंडळ नेमले गेले, आणि त्याच्या अग्रभागी अण्णासाहेब बसले. ज्यांनी जन्मभर गाऊन नाव मिळविले त्यांना परीक्षेस बसावे लागणे हे अनेकांना अपमानास्पद वाटले. अनेक नामांकितांनी बहिष्कार घातला. शाळेची शिस्त शाळेबाहेर लागू करता येते काय, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. खानदानी कलावंतांची बाजू त्यात हलकी नव्हती. रागाचे लक्षण विचारल्यावर जो गप्प राहतो, त्याला तो राग येत नाही असे कसे म्हणावे? उलट, सरकारी पैशाने होणाऱ्या नेमणुका वशिल्यावर सोडायच्या नसतील तर काही माप हवेच, आणि माप म्हटले की शाळा आली.

अण्णासाहेब पुढे खैरागड येथील संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६६ साली लखनौचे महाविद्यालय सरकारने हाती घेतले व त्यास भातखंड्यांचे नाव दिले. २००० साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते राज्य विद्यापीठ झाले.

सिंहलद्वीपातूनही तरुण येथे येत. सुनील सांत हे १९४४ साली विशारद होऊन परतले. अमरदेव यांनी मायदेशी नभोवाणीवर सिंहली लोकगीते आणि रागसंगीत यांचा सांधा जुळविला. मालदीवचे राष्ट्रगीत पूर्वी एका जुन्या स्कॉटिश गीताच्या चालीवर गात असत. १९७२ साली त्याला नवी चाल मिळाली, ती याच अमरदेवांनी बांधलेली.