पापुद्र्याची कुळकथा

डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, कधीकधी अतिपातळ पापुद्रा धरतो. वय वाढते तसा डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा काचाभ द्रव पडद्यापासून सुटू लागतो. त्या सुमारास काही पेशी पडद्यावर पसरतात, त्यांचा थर बनतो आणि तो आकसताना पडद्याला चुण्या पाडतो. मग दाराची चौकट वाकडी दिसते, छापील ओळीची शिरोरेखा नागमोडी होते. मधुमेहात असा पापुद्रा नव्या रक्तवाहिन्यांसह वाढून पडदा ओढून काढूही शकतो. तो सोलून काढण्याची शस्त्रक्रिया जेमतेम पन्नास वर्षांची आहे. डोळ्यात हत्यार घालण्याची विद्या मात्र फार जुनी.

त्या विद्येची परंपरा काशीशी जोडलेली आहे. सुश्रुतसंहितेतील उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरीचा मानला जातो. तिच्या उत्तरतंत्रात डोळ्याची सहा पटले सांगितली आहेत: दोन पापण्यांची आणि चार आतली. दोष एकेका पटलात शिरत गेला की तिमिर वाढतो आणि शेवटी लिंगनाश होतो, म्हणजे दृष्टी झाकली जाते. आजच्या ‘दृष्टिपटल’ या शब्दातले पटल त्याच घराण्यातले. लिंगनाशावर शलाकेचा उपाय होता. जवासारख्या टोकाची शलाका बुबुळापासून दूर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, बाहेरच्या बाजूने आत घालायची; डाव्या डोळ्याला उजवा हात, उजव्याला डावा. नंतर रोग्याने शिंकायचे, खोकायचे वा थुंकायचे नाही. या शलाकेने गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला ढकलले जाई. त्यामागच्या पडद्यापर्यंत मात्र ती पोचत नव्हती.

ही परंपरा एका मराठी दरबारात पाश्चात्य वैद्यकाला भेटली. तंजावरचे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी नांदत होते. डोळ्याच्या रोग्यांच्या सचित्र नोंदी त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. तंजावरच्या नोंदींतील चित्रे डोळ्याच्या बाहेरच्या रूपाची आहेत, कारण जिवंत डोळ्याच्या तळाशी पाहण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

ते साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. १८६५ मध्ये नेत्रतज्ज्ञ इवानॉफने पडद्यावरच्या पापुद्र्याचे वर्णन केले. पुढे शंभर वर्षे पापुद्रा दिसत होता, पण हाती लागत नव्हता. वाटेत काचाभ द्रव होता, आणि तो गेला तर डोळाच जाईल, अशी पक्की समजूत होती. १९६०च्या दशकात मायामीत डेव्हिड कॅसनरने उघड्या डोळ्यातून तो कापून काढला, तरी डोळा टिकला. तिथेच रॉबर्ट माखेमरने बंद डोळ्यातून हे काम करणारे यंत्र घडवले. सुरुवातीचे प्रयोग अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाले. एकच नळी द्रव कापी, ओढून घेई आणि बदली पाणीही सोडी, त्यामुळे डोळा पिचकत नसे. एप्रिल १९७० मध्ये रक्तस्रावाने अंधारलेल्या डोळ्यावर ती पहिल्यांदा वापरली गेली. शिरकाव पुन्हा पांढऱ्या भागातूनच, बुबुळाच्या कडेपासून सुमारे ३.५ ते ४ मिलिमीटरवर, कारण तिथे आत पडदा नसतो. वाट मोकळी झाल्यावर पापुद्र्याची कड वाकड्या टोकाच्या सुईने उचलता येऊ लागली. पडद्याच्या मध्यबिंदूवरचा पापुद्रा काढल्याचा वृत्तांत माखेमरने १९७८ मध्ये दिला.

त्याच वर्षी चेन्नईत डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी शंकर नेत्रालय स्थापन केले. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेल्या याच संस्थेतील डॉक्टरांनी पुढे सरफोजींच्या नोंदींचाही अभ्यास केला.

पुढच्या सुधारणा बारकाईच्या होत्या. छिद्रे तीन झाली: पाणी, प्रकाश आणि हत्यार यांसाठी एकेक. १९७०च्या दशकात सुमारे ०.९ मिलिमीटरची असलेली छिद्रे २००२ मध्ये ०.५ वर आली. बहुतेकदा टाके लागेनासे झाले. पारदर्शक पापुद्रा ओळखायला रंग आले. त्यांतला ब्रिलियंट ब्लू मुळात लोकर रंगवण्याच्या रंगांच्या कुळातला. त्याने पडद्याचे सर्वांत आतले, काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे आवरण निळे होते. पापुद्रा मात्र रंग घेत नाही. निळ्यामधली कोरी जागा दिसली की चिमट्याने तो सोलायचा.

सोलल्यानंतर चुण्या हळूहळू, काही महिन्यांत, सैल पडतात. वाकडेपणा बराच कमी होतो, पण नजर पूर्ववत होईलच असे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना मात्र पुढच्या एकदोन वर्षांत त्याच डोळ्यात मोतीबिंदू धरतो. काशीच्या शलाकेने बाजूला सारलेले गढूळ भिंग ते हेच.