पार्थियन नाण्यांची साक्ष

इ. स. १४८ च्या सुमारास लोयांग नगरीत आलेला आन शिगाव हा बौद्ध ग्रंथांचा आद्य ज्ञात चिनी अनुवादक पार्थियन होता. त्याच्या मायभूमीवरील अर्साकी राजवटीचा इतिहास बव्हंशी ग्रीक व रोमन लेखकांनी लिहिला. त्यांत शत्रुपक्षच अधिक. ज्यांचा इतिहास विरोधकांनी लिहिला, त्यांच्या स्वतःच्या नाण्यांचे मोल आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

हे साधन केवळ धनिकांचे नव्हे. सुमारे चार ग्रॅम वजनाचे चांदीचे 'द्राख्मा' विपुल पाडले गेले. झिजलेला द्राख्मा वा तांब्याचे लहान नाणे बेताच्या ऐपतीच्या अभ्यासकासही मिळू शकते. एका बाजूस बहुधा डावीकडे पाहणारा राजा, दुसरीकडे धनुष्यधारी बैठा तिरंदाज. बहुतेक राजे 'अर्साकेस' हेच नाव कोरवीत; म्हणून मुकुट, दाढी, बिरुदे आणि टांकसाळीची खूण यांवरून राजा ओळखावा लागतो. डेव्हिड सेलवूड यांचे वर्गीकरण येथे मार्गदर्शक होय. ग्रीक अक्षरे उत्तरोत्तर विकृत होत जातात, हेही कालनिर्णयाचे एक गमक आहे.

इंडो-पार्थियन गोंडोफारेसच्या गांधारातील नाण्यांवर ग्रीकबरोबर खरोष्ठी लिपीतील प्राकृतही आढळते. त्याच लिपीत व भाषेत गांधारचे बौद्ध ग्रंथ लिहिले गेले.

मात्र गांधारातील कित्येक स्तूप चोरट्या खोदकामाने उद्ध्वस्त झाले आहेत. तेथून निघालेले नाणे कितीही स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्थळापासून तुटलेले नाणे निम्मे मुके होते. ज्याचा पूर्वेतिहास सांगता येत नाही, त्याऐवजी संग्रहालयातील नाण्याचे छायाचित्र अभ्यासावे. तो संग्रह अधिक निर्मळ.