नाण्याचा पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा नागपूरहून सेलूला आला, तेव्हा त्याच्या सामानात एक मेटल डिटेक्टर होता. ऑनलाइन मागवलेला, लांब दांड्याचा, टोकाला थाळीसारखी गोल चकती. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती. दुसऱ्याच दिवशी तो मित्राच्या शेतात गेला आणि संध्याकाळी माझ्यासमोर मूठ उघडली. आधी तीन खिळे, एक वखराचा तुकडा आणि बाटलीची दोन झाकणं. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक जाडजूड चांदीचं नाणं.

“मामू, यावर उर्दूत लिहिलंय. मोगलांचं आहे ना? रविवारी पवनारला जाऊ, मग केळझरला. तिथे तर खजिनाच असेल.”

त्या रविवारी आम्ही कुठेच गेलो नाही. का गेलो नाही, हे त्याला समजावताना जे बोललो, तेच इथे लिहितो आहे. कारण हा छंद आता गावोगाव पोहोचला आहे, आणि तो करणारी बहुतेक मुलं चोर नाहीत, फक्त उत्साही आहेत.

आधी त्या नाण्याबद्दल. भाषा उर्दू नव्हती, फारसी होती. एका बाजूला ‘शाह आलम’ एवढं लागलं. पण नाव मोगल बादशाहाचं आहे म्हणून नाणं मोगलांनी पाडलं असं होत नाही. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळीही रुपये पाडत ते फारसी अक्षरात आणि दिल्लीच्या बादशाहाच्या नावाने. पेशवाईतला अंकुशी रुपया, चांदवडचा चांदोरी रुपया आणि आमच्या नागपूरकर भोसल्यांचे रुपये, सगळ्यांची रीत हीच. बाजारात ज्या नावावर विश्वास, त्या नावाचा रुपया चालायचा. शिवाजी महाराजांनी मात्र आपली शिवराई नागरी अक्षरात पाडली, आणि तो तांब्याचा पैसा पुढे दोनशे वर्षं लोकांच्या हातात फिरला. आपला इतिहास असा एकमेकांत मिसळलेला आहे. ‘हे त्यांचं, ते आपलं’ अशी वाटणी करायला निघालेल्या माणसाला एक रुपयाही गोंधळात टाकतो.

मग हा रुपया नेमका कुणाचा? टांकसाळीचं नाव वाचलं तर कळेल. पण त्या काळी ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असायची, त्यामुळे सगळा मजकूर नाण्यावर क्वचितच उतरायचा. आमच्या नाण्यावरही टांकसाळीचं नाव कडेबाहेर गेलं होतं. आता उरला एकच आधार. ते कुठे सापडलं, किती खोल, कशाच्या सोबत? मी विचारलं.

भाचा म्हणाला, “धुऱ्याजवळ. बाभळीच्या आसपास. नीट आठवत नाही.”

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडच्या पायथ्याशी हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ‘छावा’ चित्रपट नुकताच लागला होता, त्यात बुऱ्हाणपूरची स्वारी होती. परिसरात मोगलांची सोन्याची नाणी निघतात अशी अफवा उठली आणि रात्री शेतात माणसं उतरली. हातात टॉर्च, चाळण्या, फावडी, काहींकडे मेटल डिटेक्टर. सगळं शेत खड्ड्यांनी भरलं. खोदणारे कुठल्या एका जातिधर्माचे नव्हते. एरवी त्या सिनेमावरून भांडणारा समाज खजिन्याच्या आशेने मात्र एकाच शेतात वाकला होता.

त्या बातम्यांतली एक गोष्ट फार कुणी लक्षात घेतली नाही. तिथली माती महामार्गाच्या कामात निघालेली, दुसरीकडून आणून टाकलेली होती. म्हणजे तिच्यात नाणं मिळालं असतं तरी ते त्या शेताचं नव्हतंच.

असीरगडचा नाण्यांशी संबंध मात्र खरा आहे. १६०१ मध्ये अकबराने फारुकी सुलतानाकडून हा किल्ला घेतला, तेव्हा त्या विजयाची सोन्याची मोहर पाडली. तिच्यावर ससाण्याचं चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव ‘असीर’. मोहरेवर गावाचं नाव उतरलं म्हणून ती आज बोलते. असं नशीब प्रत्येक नाण्याचं नसतं.

नाणी एकत्र आणि जागेसह सापडली तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि त्याचंच चलन आपल्या नावाने फिरवलं, याचा याहून ठोस पुरावा नाही. दुसरं उदाहरण वऱ्हाडातलं. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या दीड हजारांच्या आसपास नाण्यांचा साठा निघाला. वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला, आणि पुराणांच्या यादीत नसलेले सातवाहन राजे इतिहासात आले. हीच नाणी चार-चार करून सराफाकडे गेली असती, तर त्या राजांची नावं मुशीत वितळली असती.

मेटल डिटेक्टरचं काम सोपं आहे. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जमिनीतल्या धातूत त्याने सूक्ष्म प्रवाह उठतात आणि यंत्र आवाज करतं. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोलीपर्यंत कळते. त्याला फक्त धातू ऐकू येतो. खापर, राख, मणी, जळलेलं धान्य, विटांची रांग त्याला ऐकू येत नाही. आणि माणूस आवाज आला तिथे खड्डा करतो तेव्हा जे ऐकू आलं नाही ते फावड्याने उलटं होतं. पांढरीची माती थरांनी बसलेली असते, खालचा थर जुना, वरचा नवा. एकदा उलटी केली की ती पुन्हा तशी लावता येत नाही.

पवनारला म्हणूनच नेलं नाही. सेलूहून वर्ध्याकडे जाताना धाम नदीकाठचं हे गाव लागतं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मिराशींनी मांडलं. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्या तिथे जपल्या आहेत. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून पवनारची नोंद आहे. एकाच टेकाडाखाली वाकाटक आणि मोगल दोघेही झोपलेले आहेत. तिथे माझा भाचा खुरपं घेऊन जाणार होता.

कायदाही स्पष्ट आहे. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खोदता येत नाही. स्मारकाची नासधूस केली तर २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि स्वतःच्या शेतात सापडलं तरी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मग ते जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. सरकारने ते ठेवून घेतलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा हक्कदारांना मिळतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद.

भाचा म्हणाला, “हा तर इंग्रजांचा कायदा.”

मी म्हटलं, मग आपल्या फिकहचा ऐक. जमिनीत पुरलेल्या जुन्या धनाला ‘रिकाज़’ म्हणतात, आणि त्यातला पाचवा हिस्सा बैतुलमालचा, हे हदीसमधून आलेलं आहे. पण फकीह मंडळी त्याआधी एक प्रश्न विचारतात. नाण्यावर काय लिहिलं आहे? इस्लामपूर्व काळाची खूण असेल तर रिकाज़. मुस्लिम राजवटीची खूण असेल तर तो ‘लुकता’, म्हणजे कुणाची तरी हरवलेली वस्तू, आणि तिची वर्षभर जाहीर वाच्यता करायची. म्हणजे धन कुणाचं हे ठरवण्याआधी नाणं वाचायचं, आणि सापडलं हे लोकांना सांगायचं. दोन्ही कायद्यांत लपवण्याला जागा नाही.

आणि गुप्तधनाच्या नावाने काय-काय होतं, ते विदर्भात वेगळं सांगायला नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला, यातच सगळं आलं. मांत्रिकाच्या जागी यंत्र आलं, ही प्रगतीच. पण हाव तीच राहिली, तर खड्डाही तोच राहतो.

छंद वाईट नाही. ब्रिटनमध्ये हेच यंत्र घेऊन हिंडणाऱ्यांसाठी १९९७ पासून नोंदणीची योजना आहे. सापडलेली वस्तू दाखवायची, जागा नकाशावर टिपायची. तिथे दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरला एका शेतात एका छंदी माणसाला सोन्याचा मोठा साठा लागला. त्याने तो कळवला, पुरातत्त्वज्ञांनी जागा खणली, आणि ३२ लाख ८५ हजार पौंडांची रक्कम तो आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली. आपल्याकडे अशी योजना यायला हवी. बंदीची पाटी वाचून मुलं थांबत नाहीत, पण नोंद करायला कुणी शिकवलं तर ती करतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या शेतात गेलो. मित्राचे वडील धुऱ्यावर भेटले. जागा दाखवायला सांगितल्यावर ते हसले. “इथली माती आमची नाही, बाबू. दोन वर्षांआधी जुन्या गावच्या पांढरीवरून ट्रॉलीनं आणून टाकली होती, खत म्हणून.”

भाचा बराच वेळ त्या काळ्या रानातला भुरकट पट्टा बघत उभा होता.

घरी येऊन त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. काय सापडलं, कधी सापडलं, हे त्याने एका दमात लिहिलं. कुठे सापडलं, या ओळीवर पेन थांबलं. शेवटी त्याने लिहिलं, “बाभळीजवळ, बाहेरून आणलेल्या मातीत. मूळ जागा माहीत नाही.” ते वाक्य त्याने स्वतःच दोनदा वाचलं, आणि मग सही केली.